लाल नळीतलं पाणी

"तोंड बघ तिचं तोंड," बाळासाहेब सरनोबत म्हणाले. "बातम्या देणारी बाई आहे की तिरडीवरचं मढं, काही कळतंय का तुला?"

मी बघतच होतो. बावन्न इंची पडद्यावर मधोमध एक आडवी रेघ आली होती. रेघेच्या वर बाई ठीक होती, कपाळावर लाल टिकली, गाल गुलाबी. रेघेच्या खाली हनुवटी, मान, टेबलावर ठेवलेले हात, सगळं हिरवट-निळं पडलेलं. बाई मात्र हसून कांद्याचे भाव सांगत होती.

"नऊच दिवस झाले तुला याला हात लावून," बाळासाहेब म्हणाले. "तेव्हा एक आजार होता, आता दुसरा. मेस्त्री, तू दुरुस्त करतोस का नवीन रोग घालून जातोस?"

"बघतो की साहेब," मी म्हणालो. आवाज नेहमीसारखा ठेवला. पण लाल रंग असा अर्धाच का गेला हे मला मागचं झाकण न काढताही कळलं होतं.

ही दोन हजार पाच सालची गोष्ट, जयसिंगपूरची. बाळासाहेब साखर कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या मुंबईच्या मेहुण्यानं घर बदलताना हा टीव्ही त्यांच्याकडे पाठवून दिलेला. टीव्ही कसला, कपाटच ते. आत काचेच्या तीन नळ्या, लाल, हिरवी आणि निळी. तिघींचं चित्र आतल्या आरशावर पडायचं आणि तिथून उलटून पडद्याच्या मागच्या बाजूला. नळ्या भयंकर तापतात, म्हणून प्रत्येकीच्या तोंडाशी एक बंद डबी, आणि डबीत तिला थंड ठेवणारं पाणी. आम्ही आपलं पाणी म्हणायचो. दिसायला स्वच्छ, बोटाला जरा चिकट.

मी भित्रा माणूस आहे. टीव्ही मेकॅनिकनं हे सांगू नये, पण आता धंदाच राहिला नाही तर लपवायचं कशाला. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मिरजेचे रसूलचाचा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "विलास, आत हात घालशील तेव्हा एकच घाल. डावा खिशात. दोन्ही घातलेस तर वीज एका हातातनं शिरून काळजातनं दुसऱ्या हातात जाते." तेव्हापासून झाकण उघडलं की माझा डावा हात आपोआप पँटीच्या खिशात जायचा. बघणाऱ्याला वाटायचं, काय ऐट आहे. ऐट कसली, घाबरायचो मी.

नऊ दिवसांपूर्वी त्यांच्याकडे गेलो तेव्हा पडद्यावरच्या प्रत्येक माणसाशेजारी त्याचं एक लाल भूत उभं राहत होतं. तिन्ही रंगांची चित्रं एकावर एक नीट बसत नव्हती. तो दोष नेहमीचा. दोन आयसी बदलल्या, तासभर बसून रंग जुळवले, भूत गेलं. झाकण लावता लावता लाल नळीच्या डबीखाली ओल दिसली, एवढीशी. रबराची चकती जुनी झालेली. खरं तर डबी उतरवायला हवी होती, नवी चकती आणायला हवी होती. पण बाळासाहेब घड्याळ बघत डोक्यावर उभे. मी ओल अंगठ्यानं पुसली आणि चारही स्क्रू आणखी अर्धा अर्धा फेरा आवळले. "हे स्क्रू आवळायचे नसतात, नुसते टेकवायचे असतात," हे रसूलचाचांनी मला दहादा सांगितलं असेल. चौथ्या स्क्रूला आतून बारीक आवाज आला. कट्.

मी बॅटरी मारून बघितलं. तडा दिसला नाही. म्हणजे, दिसेल एवढा वेळ मी बघितलंच नाही. झाकण लावलं, चहा घेतला आणि सायकलवर टांग मारली.

आता पुन्हा त्याच झाकणापाशी बसलो होतो. गुरुवार होता, सकाळचे साडेनऊ. आतल्या देवघरात दत्ताची आरती चाललेली, गल्लीतल्या आठ-दहा बायका जमलेल्या. बाळासाहेबांची थोरली बहीण, अक्काताई. हे घर त्याच चालवायच्या. लहानपणीच नवरा गेलेला, गळ्यात तुळशीची माळ, गुरुवारचा कडक उपास. त्या माउलीला मी कधी हसताना बघितलं नव्हतं. मी टीव्ही उघडायला आलो की म्हणायच्या, "हात धुतलेस का? वरती महाराजांची तसबीर आहे." टीव्हीचा माथा चांगला फळीएवढा रुंद, तिथं त्यांनी दत्तमहाराजांची मोठी तसबीर ठेवली होती, रोज ताजा हार.

बाळासाहेब फोन घ्यायला अंगणात गेले. मी झाकण काढलं, डावा हात खिशात घातला, बॅटरी मारली. लाल नळीची डबी वरून निम्मी रिकामी; नळीतलं चित्र उलटं असतं, म्हणून पडद्यावर लाल खालून गेला होता. कोपऱ्यातल्या स्क्रूपासून केसासारखा तडा गेलेला. तड्यातून पाणी खाली, कपाटाच्या पुढच्या पायाशी उतरलेलं, त्याचा चकचकीत ओघळ दिसत होता.

पण खाली फरशी कोरडी होती.

मी वाकलो. टीव्ही चौरंगावर ठेवलेला. चौरंगाखाली, बरोबर तसबिरीच्या रेषेत, एक तांब्याचं ताम्हन. पुसून लख्ख केलेलं. शेजारी जास्वंदीचं फूल. टीव्हीच्या पायाला हळदीकुंकवाची बोटं.

"काका, तिथं हात लावू नका."

बाळासाहेबांची मुलगी सानिका दारात उभी होती. सात वर्षांची, परकर-पोलकं घातलेलं.

"हे ताम्हन कशाला गं इथं?"

"महाराजांचं तीर्थ येतंय तिथं. मागच्या गुरुवारपासून. तसबिरीखालूनच येतंय." ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाबांना सांगू नका हं, ते हसतील. इतकं गोड आहे म्हणे, उसाच्या रसापेक्षा गोड. आत्यानं एक थेंब जिभेवर ठेवून बघितला होता. मग रोज पंचपात्रीत साठवलं. आज सगळ्यांना देणार आहे."

मी विचारलं, "आज कोणी घेतलं का त्यातलं?"

"आत्यानंच. पूजा झाल्यावर, सात वाजता. तिला आज दिवसभर दुसरं काही चालत नाही ना. अर्धी पंचपात्री प्याली. आता पहिलं मला देणार, मग सगळ्यांना."

आत घंटा थांबली. "सानिका, ये गं," कोणीतरी हाक मारली, आणि ती पळाली.

रसूलचाचांच्या दुकानात एकदा अशीच एक डबी फुटली होती. फरशीवरचं ते गोड पाणी दारातल्या कुत्र्यानं चाटून घेतलं. आधी झिंगल्यासारखं चाललं, तिसऱ्या दिवशी मेलं. चाचांनी नव्या पाण्याचा डबा माझ्यासमोर धरून त्यावरचं नाव मला मोठ्यानं वाचायला लावलं होतं. मला सगळं माहीत होतं. टीव्हीपासून देवघराच्या दारापर्यंत बारा-पंधरा पावलं. समोर सगळं दिसत होतं, सानिका बायकांमधून वाट काढत चाललेली, पाटावर बसलेल्या अक्काताई, त्यांच्या पुढ्यातली पंचपात्री.

आणि मी उभा राहिलो.

किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही. पोर दारापासून पाटापर्यंत पोचली तेवढा वेळ. त्या वेळात माझ्या डोक्यात काय आलं ते मात्र लख्ख आठवतंय. हे पाणी टीव्हीतलं आहे हे इथं कुणाला माहीत नाही. सांगितलं तर तडा कसा गेला ते विचारतील. नाही सांगितलं तर. बस, एवढंच आलं, 'नाही सांगितलं तर'. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस आधी स्वतःचं बघतो.

सानिकानं उजवा हात पुढे केला. अक्काताईंनी पळी भरली. पळी हवेतच डुलत होती, थोडं तीर्थ त्यांच्या मांडीवर सांडलं, आणि त्या हसल्या. दात दाखवून, खुदकन हसल्या.

मग मी धावलो. बायकांना ढकलत आत घुसलो आणि ती पळी उडवली, मागोमाग पंचपात्री उडवली. पाणी भिंतीवर, देवांवर, सानिकाच्या परकरावर. खिशातला डावा हात कधी बाहेर आला मला कळलं नाही, पण उडवली ती त्याच हातानं.

"अरे मुडद्या," एक बाई ओरडली. "डाव्या हातानं तीर्थ उधळलंस."

"ते तीर्थ नाही, विष आहे. सानिका, हात धू. तोंडात घालू नकोस. आणखी कोणी घेतलं?"

कोणीच घेतलं नव्हतं. बायका माझ्याकडे भूत बघावं तशा बघत होत्या. अक्काताई पाटावर पुढेमागे झुलत होत्या, डोळे अर्धवट मिटलेले.

"अक्कांना उठवा, दवाखान्यात न्यायचंय."

"गप्प बस रे," शेजारच्या काकू म्हणाल्या. "सकाळपासून अशाच आहेत त्या. भाव लागलाय. महाराजांची कृपा झालीय त्यांच्यावर."

"काकू, त्यांना चढलीय," मी म्हणालो.

तेवढ्यात बाळासाहेब आले आणि त्यांनी माझी कॉलर धरली. मी एका दमात बोललो, टीव्हीतलं पाणी, ताम्हन, अर्धी पंचपात्री, चाचांचं कुत्रं. तड्याचं काही बोललो नाही. त्यांनी बहिणीकडे बघितलं. अक्काताई त्यांना म्हणाल्या, "बाळ्या, तू किती मोठा झालास रे," आणि पुन्हा हसल्या. बाळासाहेबांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी कॉलर सोडली, बहिणीला दोन्ही हातांवर उचललं आणि गाडीत घातलं. मी न विचारताच मागं बसलो.

डॉक्टर नेर्लीकर बाईंचा दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. त्यांनी नाडी बघता बघता मला विचारलं, "नक्की काय असतं त्या पाण्यात?"

"गाडीच्या रेडिएटरात घालतात तसलं. डब्यावर ग्लायकॉल असं काहीतरी होतं."

बाईंचा हात थांबला. "किती गेलं पोटात?"

हा हिशेब मला येत होता, माझा धंदाच तो. डबीत किती मावतं, किती उरलंय, कपाटात किती चिकटलंय, भिंतीवर किती उडालं. मी पाण्याच्या पेल्यावर बोट ठेवून दाखवलं. "एवढं तरी."

"आणि सातला घेतलंय. आता दहा वाजत आले." त्या बाळासाहेबांना बाजूला घेऊन बोलल्या, पण खोली केवढी ती, सगळ्यांना ऐकू गेलं. "आत्ता फक्त झिंग आहे. पण हे शरीरात गेल्यावर फुटतं, आणि जे तयार होतं ते मूत्रपिंडं खातं. मिरजेला मशीनवर रक्त धुवावं लागेल. मी फोन करते. तिथं पोचून सगळी तयारी होईस्तोवर ते फुटायला नको. त्याला अडवणारी एक गोष्ट आहे, पण ती माझ्या दवाखान्यात नाही."

"कुठं मिळेल सांगा, आणतो."

"दारू," बाई म्हणाल्या. "साधी प्यायची दारू. शरीर आधी तिच्यामागं लागतं, या विषाला हात लावत नाही. मी पुस्तकात वाचलंय, कधी दिलेली नाही. पण दुसरं काही नाही माझ्याकडे."

खाटेवरून आवाज आला. "मी नाही घेणार."

अक्काताईंनी गळ्यातली माळ मुठीत धरली होती. शब्द जड झाले होते, पण डोळे उघडे होते. "खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत केलंय मी. मेले तर माळ घालून मरेन."

"अक्का, हट्ट करू नको."

"आणि दुकानं उघडायला वेळ आहे," नर्स म्हणाली.

 बाळासाहेब बाहेर गेले. खिडकीतून मला दिसलं, त्यांनी गाडीची डिकी उघडली, स्टेपनी उचलली आणि तिच्याखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आत आले तेव्हा हातात बाटली होती. निम्मी संपलेली.

ज्या घरात लग्नकार्यात पाहुण्यांनाही थेंब चालत नव्हता, त्या घरचा कर्ता माणूस बहिणीसमोर बाटली घेऊन उभा. 

"कधीपासून?" अक्काताईंनी विचारलं.

"आठ-दहा वर्षं झाली, अक्का."

त्यांनी मान हलवली. मग ती मान माझ्याकडे वळली. ती नजर झिंगलेली नव्हती, निदान मला तरी तशी वाटली नाही. "आणि तू रे मेस्त्री? हा बोलला. तू काय लपवलंयस?"

 आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही, तीस हजार व्होल्टच्या नळीपुढंसुद्धा नाही. पण बाटली धरलेला तो माणूस शेजारी मान खाली घालून उभा होता, आणि तो माझ्यापेक्षा कितीतरी मोठा माणूस होता.

"मी स्क्रू जास्त आवळला," मी म्हणालो. "मागच्या वेळी. कट् असा आवाज आला होता. मला कळलं होतं. मी बोललो नाही, अक्काताई. म्हणून गळलं ते."

बाळासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. आता मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

अक्काताईंनी माळ काढली. डोक्यातून काढताना ती अंबाड्यात अडकली, ती मी सोडवली. त्यांनी ती भावाच्या हातात दिली. "खिशात ठेव. वरच्या खिशात. आणि त्या हातानं बाटली धरू नको." मग डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, "द्या. किती घ्यायची?"

पहिल्या घोटाला त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या घोटाला म्हणाल्या, "बाळ्या, हे असलं कडू तू आवडीनं पितोस?" आणि बाळासाहेब रडायला लागले.

मिरजेला त्या अठरा दिवस होत्या. चार वेळा रक्त धुतलं. पहिले चार दिवस लघवी थांबली होती, तेव्हा डॉक्टर नुसते बघू म्हणायचे. मी रोज दुकान बंद करून बसनं जायचो आणि हॉस्पिटलच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली बसून राहायचो. वर जायचं धाडस झालं नाही. बाळासाहेब येता-जाता दिसायचे, बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी ते माझ्या शेजारी येऊन बसले.  मग म्हणाले, "आज झाली लघवी," आणि उठून गेले.

घरी आल्यावर पहिल्या गुरुवारी अक्काताईंनी सानिकाला माझ्याकडे पाठवलं. "आत्यानं आरतीला बोलावलंय. लगेच."

मी गेलो. टीव्ही तिथं नव्हता, त्या जागी नुसता चौरंग आणि त्यावर तसबीर. देवघरात त्याच सगळ्या बायका.  चारचौघांत माझी हजेरी घेणार, आणि घ्यायलाच पाहिजे होती. अक्काताई पाटावर बसलेल्या, वाळून अर्ध्या झालेल्या, गळ्यात माळ पुन्हा घातलेली. आरती झाली. पंचपात्रीत पाणी, वर तुळशीचं पान.

"मेस्त्री, पुढं ये. आधी तू घ्यायचं. तू घेतलंस की मग मी घेणार, मग या सगळ्या."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझे हात पुढे होईनात. ते एक राहिलेलं सांगितल्याशिवाय ते पाणी घेणं मला जमणार नव्हतं.

"अक्काताई, एक सांगायचं राहिलंय."

"काय?"

"त्या दिवशी सानिका तीर्थ घ्यायला आली ना. मला माहीत होतं ते काय आहे. तरी मी थांबलो होतो. टीव्हीपाशी. लगेच धावलो नाही."

 सानिका आत्याला टेकून उभी होती.

"माहीत आहे," अक्काताई म्हणाल्या. "मी समोरच बसले होते. बघत होते तुला, हात खिशात घालून उभा होतास. चांगला बराच वेळ." त्यांनी पळी भरली.  "आता दोन्ही हात पुढं कर."

मी उजव्या तळव्याचा द्रोण केला, खाली डावा हात धरला. पाणी तळव्यावर पडलं, गार, साधं, आडाचं पाणी. मी प्यालो. अक्काताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी दुसरी पळी भरली आणि स्वतः घेतली.

पुढं अकरा वर्षं, त्या होत्या तोवर, दर गुरुवारी पहिलं तीर्थ मला मिळालं.